प्रियदर्शिनीबाईसाहेबांच्या पायवाटेची हकीकत

श्रीगजानन आणि कुलस्वामिनी साक्ष ठेवोन तारनाका प्रांतीच्या लहानथोरांस कळावे की, शके एकोणीसशे पंधरा, श्रीमुखनाम संवत्सरी हिंदुस्थानचे बाजार जगास नुकतेच खुले जाहले होते, गच्चीगच्चीवर दूरचित्रवाणीच्या तबकड्या लागल्या आणि दारोदारी नव्या मोटारी उभ्या राहिल्या, आणि मुलुखात सर्व काही आले, परंतु श्रीमंत प्रियदर्शिनीबाईसाहेब, उमर सव्वा वर्ष, यांस पाऊल टाकावयास जमीन उरली नाही.

बाईसाहेब नुकत्याच चालू लागल्या होत्या. पलंगापासून कपाटापर्यंतचा मुलूख सर होऊन चुकला होता. पुढे स्वारी निघावी तर दारी सडक आणि सडकेवर रिक्षांची घोडदौड. म्हणोन मातोश्री निशिगंधाबाई यांनी वसाहतीमागील नाल्याकाठच्या पट्टीवर नजर टाकिली. पट्टी सरकारी, बाभळींनी माजलेली. तेथे फरशीची वाट करोन दुतर्फा करंज लावावे ऐसा मनसुबा केला.

मग मसलत भरली. आबासाहेब, माजी तहसीलदार, यांनी लाल शाईने नकाशा काढिला आणि कोणी न मागता त्यात कारंजेही काढिले. शहर दफ्तरी अर्ज गेला, आणि तेथून फर्मान आले की, जागा खुशाल वापरावी, खजिना आपला आपण पाहावा. मग वर्गणीचा विषय निघाला आणि तमाम सरदारांस एकाएकी घरची कामे आठवली.

पट्टीच्या तोंडाशी हिम्मतरावांचा बंगला, आणि हप्त्यांवर आणिलेली त्यांची पांढरी मोटार त्या तोंडावरच ठाण मांडोन उभी. निशिगंधाबाई बोलणी करावयास गेल्या असता ते बोलिले, "पोरीला गच्चीवर चालवा की वहिनी! गाडी काय डोक्यावर ठेवू मी? आन् वर्गणीचं तर नक्कोच विचारा." रयत म्हणो लागली की, हिम्मतराव देतील तेव्हा आम्ही देऊ. सबब मोहीम खुंटली, आणि बाईसाहेब रोज कडेवरोन पट्टीकडे झेपावत आणि आक्रोश करीत.

तो आक्रोश कुंपणापलीकडे हिम्मतरावांचे कुटुंब इंदुताई नित्य ऐकत. इतक्यात संक्रांत आली. दरसाल इंदुताई हळदीकुंकवाच्या वाणास स्टीलच्या वाट्या लुटीत. हिम्मतरावांनी मिशीस पीळ देऊन रक्कम मंजूर केली आणि हुकूम दिला की, औंदा वाण असे द्यावे की वसाहतीने नाव काढावे. इंदुताईंनी हुकूम शिरसावंद्य मानिला, आणि निशिगंधाबाईंस संगे घेऊन अंबरपेठेच्या वखारीवर चाल केली, आणि टेंपोभर शहाबादी फरशा लादोन आणिल्या.

मुक्रर दिवशी हिम्मतराव मोटारीसह कचेरीस गेले, पट्टीचे तोंड मोकळे पडले, आणि रेशमी लुगड्यांची फौज दाखल जाहली. अत्तर जाहले, तिळगूळ जाहला, मग इंदुताईंनी एकेका सवाष्णीच्या हाती कुंकवाचा टिळा लाविलेली फूटभर फरशी ठेविली. शेजारच्या सरोजबाई कळवळल्या, "अगं माय! ही घरी कशी नेऊ? कंबर जाईल की माझी!"

"वाण नको म्हणायचं नसतंय वैनी," इंदुताई म्हणाल्या. "जड होत असंल तर ठेवा भायेर, फाटकापाशी. नीट, एकापुढं एक."

वाण परतविण्यास कोणी धजेना आणि वाहोन नेणे तर बिलकूल होईना.

सायंकाळी हिम्मतराव परतले तो मोटारीच्या ठाणावर फरशांची रांग, आणि प्रत्येकीवर टिळा. चाक घालावे तर घरच्याच वाणावर, न घालावे तर मोटार सडकेवर. त्यांनी भोंगा वाजविला. इंदुताई दारी आल्या आणि म्हणाल्या, "नाव काढायलेत लोकं तुमचं. आत या, चहा टाकलाय." मग हिम्मतरावांनी मोटारीतच बसोन बहुत विचार केला, आणि मोटार मागे घेतली.

पुढे उलट वाण देणे प्राप्त, म्हणोन घरोघरी हळदीकुंकू जाहले आणि घरोघरी फरशीच निघाली. पुरुषमंडळींस बाभळी तोडण्याच्या कामी जुंपिले, आणि रथसप्तमीपावेतो वाट पट्टीच्या दुसऱ्या टोकास भिडली. वर्गणी आपण केव्हा दिली हे सरदारांस अद्याप उमगले नाही. आबासाहेबांनी करंजाची रोपे लाविली. कारंजे नकाशातच राहिले.

मग सुमुहूर्ती निशिगंधाबाईंनी बाईसाहेबांस कडेवरोन उतरविले आणि आपले बोट त्यांच्या मुठीत दिले. बाईसाहेब पहिल्या फरशीवर थबकल्या, पुढचीवर डुलल्या, आणि मग एका रोपावर पिवळे फुलपाखरू पाहोन, बोट सोडोन, एकट्याच दौडत निघाल्या. धडपडल्या, बसल्या, उठल्या, मागे पाहिले नाही.

येणेप्रमाणे वाट फत्ते जाहली, ते दप्तरी दाखल. निशिगंधाबाईंचे बोट बराच वेळ तसेच पुढे धरलेले होते, तेही दाखल.