गार दिवे, तापलेली बायको

"एजाजभाऊंच्या कोथिंबिरीचा वास काय सुटतो हो!"

वैष्णवी हे रोज जेवताना म्हणायची आणि शिवलिंगप्पाच्या घशात भाकरी अडकायची! शेजारच्या एजाजनं माळ्यावर एलईडी दिवे लावून, सोलापूरच्या ऐन मे महिन्यात कोथिंबीर पिकवली होती.

"त्यात काय मोठं? त्याच्या दुप्पट काढून दाखवतो!"

शिवलिंगप्पानं कपाटाएवढ्या कोठीत एजाजपेक्षा दोन दिवे जास्तच टांगले. रोपं आली आणि लगेच माना टाकू लागली. दिव्यांच्या पाठी अशा तापल्या, की पापड भाजावा!

"दिव्यामागून पाण्याची नळी फिरवा की भाई," एजाज गच्चीवरून ओरडला. "मी कूलरचा पंप काढून लावलाय."

शिवलिंगप्पानंही आपल्या कूलरचा पंप उपसला. बादलीतलं पाणी दिव्यांमागून फिरून यायचं ते चहासारखं गरम! मग त्यात फ्रिजमधला बर्फ गेला. बर्फ संपल्यावर माठातलं पाणी गेलं. चार दिवसांआड येणारं नळाचं पाणीही त्यातच गेलं, पण कोथिंबीर तरारली!

इकडे कूलर नुसता गरम वारा ओकत होता.

"ह्याला काय झालंय?" वैष्णवी पदरानं वारा घेत म्हणाली.

"बिघडलाय. मिस्त्री मैंदर्गीला गेलाय, आला की बघतो."

"मग मी गुलनाजकडं बसते. तिचा कूलर लई गार हाय." उशी बगलेत मारून ती शेजारी एजाजच्या बायकोकडं गेली.

कोथिंबिरीनंतर आता बायकोही एजाजच्याच घरी! शिवलिंगप्पाचा जळफळाट झाला. त्यानं हिरवीगार जुडी उपटली आणि तरातरा शेजारी गेला. वैष्णवी आणि गुलनाज कूलरपुढं पाय पसरून आंबे चोखत होत्या.

"एजाज, कुठाय तुझी कोथिंबीर?"

"करपली सगळी. गुलनाज घामानं बेजार झाली, मग परवा पंप परत कूलरला लावला. तुमची मात्र झकास हाय, भाई!"

जिंकलो! शिवलिंगप्पाची छाती फुगली. त्यानं जुडी वैष्णवीपुढं नाचवली. तिनं जुडीकडं बघितलं, गार वारा सोडणाऱ्या कूलरकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"म्हंजे आपला पंप दिव्यास्नी लावलाय व्हय? आणि मिस्त्री मैंदर्गीला?"

शिवलिंगप्पाला त्या गारव्यातही घाम फुटला.

त्या रात्री ताटात घरच्या कोथिंबिरीची चटणी होती. शिवलिंगप्पानं आशेनं बायकोकडं पाहिलं.

"बायकोसाठी बाग करपू दिली हो एजाजभाऊंनी!" वैष्णवी म्हणाली.

भाकरी पुन्हा अडकली. पाणी प्यावं म्हणून तो उठला, तर माठ रिकामा!