डाव्या कानातली ठकी

"तुमचा आवाज आमच्याकडे आहेच, ताई. तुम्ही नाही आलात तरी चालतंय," कीबोर्डवाला म्हणाला.

गायिकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती बाळंतपणात असताना या पठ्ठ्याने तिची जुनी गाणी चिरून सूर न् सूर यंत्रात भरून ठेवला होता. पट्टी दाबली की ती गायची. नाहीतरी त्यांच्या सिंथ-पॉप बँडमध्ये सगळं यंत्रावरच चालायचं. जिवंत होता तो फक्त तिचा गळा.

"आज दौरा काढणाऱ्या कंपनीचे साहेब ऐकायला येतायत. एक जागा जरी चुकलीत, तर दौऱ्यावर यंत्र जाईल. ते रजा मागत नाही."

"आणि तुला उत्तरही देत नाही. सोय आहे," ती म्हणाली.

ती गाण्याला भीत नव्हती. तिला काळजी होती ठकीची. दात न आलेली ती पोर रंगपटात नवऱ्याजवळ राहणार होती, आणि नवरा म्हणजे फ्रिज उघडून, दुधासमोर उभं राहून "दूध कुठंय?" विचारणारा गृहस्थ. स्टेजवर कानात इयरफोन घालावा लागे, त्यात यंत्राचे ठोके वाजत. तिने गुपचूप ठोके उजव्या कानात ठेवले आणि डावा कान फोनला जोडला. नवऱ्याचा फोन ठकीच्या उशाशी.

पहिलं गाणं झकास झालं. दुसऱ्याच्या मध्यात डाव्या कानात नवरा म्हणाला, "हे टोपडं कशाला उगाच? काढून टाकू."

रंगपटातला एसी तर बदाबदा गार हवा ओतत होता.

"टोपडं काढू नकोस," ती म्हणाली. माइकवर. आवाज घुमवणारं बटण चालूच होतं. नकोस, नकोस, नकोस, ठोक्यावर. पुढच्या रांगेतल्या मुलींनी ते उचलून धरलं. कीबोर्डवाल्याने डोळे वटारले. तिने ओठ घट्ट मिटले.

"पडलं वाटतं बाटलीचं बूच," डावा कान म्हणाला. "जाऊ दे, पुसून लावू."

"अरे, ते उकळून घे आधी!"

"उकळून घे, उकळून घे," सभागृह गाऊ लागलं.

कानातला इयरफोन काढता आला नसता का? आला असता. कुठल्याही आईला विचारून बघा.

"मग तूच ये ना इकडे," नवरा चिडून म्हणाला.

"मी कामावर आहे," ती कडाडली. "तुझीही मुलगी आहे ती."

सभागृहातल्या बायका उभ्याच राहिल्या.

कार्यक्रम संपल्यावर साहेब म्हणाले, "हा राग मला रोज हवा."

"यंत्रात भरून घेऊ की, साहेब," कीबोर्डवाला हात चोळत म्हणाला.

"शिळा नको. ताजा."

दौरा तिला मिळाला. पुढच्या कार्यक्रमाला डायपरची पिशवी कीबोर्डवाल्याच्या खांद्यावर होती. लोक टोपड्याची वाट बघत होते. डाव्या कानात मात्र शांतता. नवऱ्याने त्या दिवसाचं मनाला लावून घेतलं होतं. बाटल्या उकळल्या, ढेकर काढला, अंगाई म्हटली. तिला रागवायला जागाच ठेवली नाही.

कीबोर्डवाल्याने मधलं संगीत लांबवलं. पुन्हा लांबवलं. शेवटी ते यंत्रावर सोडून तो अंधारात सटकला. थोड्या वेळाने त्याचा आवाज तिच्या डाव्या कानात आला.

"भाऊजी, आमच्या पोटावर का पाय आणताय? काहीतरी विसरा की."

"हळू बोला," नवरा कुजबुजला. "झोपलीये ती."

इतके महिने तिने डोकं आपटलं होतं, तेव्हा नाही. आज?

"आजच बरा शहाणा झालास," ती माइकवर गरजली, आणि मग जे जे साचलं होतं ते सगळं बाहेर आलं. रात्रीची जागरणं, गार झालेला चहा, यंत्रात कोंबलेला स्वतःचा गळा. सभागृह नाचत होतं.

कीबोर्डवाला धापा टाकत परतला तेव्हा गाणं संपून टाळ्या सुरू झाल्या होत्या. मधे कुणीही पट्ट्यांना हात लावलेला नव्हता. साहेब पहिल्या रांगेत बसून त्याच्या रिकाम्या स्टुलाकडे मोठ्या विचारात बघत होते.