बाबूलालची साक्ष

आज संध्याकाळी क्लबात असा मासा सांगायचा, की प्रेमलालजींचा चहा बशीतच निवून जाईल, असं गुणाकररावांनी सकाळी नदीवरून परततानाच ठरवून टाकलं होतं.

मासा सांगणं ही बालाघाटच्या फ्लाय फिशिंग क्लबाची खास बोली. इथे मासा दाखवायचा नसतो, सांगायचा असतो. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी गळाला लावायची, तिला फसून मासा आला की त्याला हळूच सोडवायचा आणि परत वैनगंगेत सोडून द्यायचा, असा ह्या मंडळींचा धर्म. घाटावरचे मासेमार हे बघून पोट धरून हसतात. आमिष नाही, घरी कालवण नाही, मग उन्हात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं ते कशासाठी? तर रविवारी संध्याकाळी प्रेमलालजींच्या ओसरीवर बसून सांगण्यासाठी!

पण सोडलेल्या माशाचा पुरावा काय? फोटो चालत नसे. क्लबातला सगळ्यांत तरुण सभासद रजत, बँकेत असतो, त्यानं एकदा मोबाईलवर मासा दाखवला होता आणि माशाच्या मागे बर्फाचे डोंगर निघाले होते. तेव्हापासून नियम झाला, साक्षीदार पाहिजे. तोही क्लबाबाहेरचा, कारण क्लबातले सगळे एकाच माळेचे मणी. साक्षीदाराचं नाव आणि गाव सांगितलं की मासा मंजूर. साक्षीदार नसला की मासा नामंजूर, आणि आपण गुपचूप चहा प्यायचा.

अध्यक्ष प्रेमलालजींच्या प्रत्येक माशाला किरनापूरचे कोणी दादाजी साक्षीला असत. प्रेमलालजी निवृत्त रेंजर, आवाज जंगलातला. त्यांच्या साक्षीदारावर शंका घेण्याची कोणाची छाती नव्हती.

गुणाकररावांची अडचण वेगळी होती. त्यांच्याकडे साक्षीदारच काय, सकाळी ‘उठलात का’ विचारणारंही कोणी नव्हतं. सिंचन खात्यातून निवृत्त झाले आणि पाठोपाठ पत्नी अलकनंदाबाई गेल्या. मुलगा अनुराग बेंगळुरूला. त्याचा रविवारी फोन यायचा. “पापा, सब ठीक?” “हौ.” “दवाई ले रहे हो?” “हौ.” एवढ्यावर संभाषणाचा गळ रिकामा वर यायचा. त्यानंच वाढदिवसाला गळाची विलायती काठी पाठवली होती, वेळ जावा म्हणून. त्या काठीनं गुणाकररावांनी आजवर स्वतःची टोपी, काठावरची बाभूळ आणि एकदा वाळत घातलेला कोणाचा तरी टॉवेल पकडला होता. मासा नाही. क्लबात ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसत, दुसऱ्यांचे मासे ऐकत, आणि तरीही सोमवारपासून पुढच्या रविवारची वाट बघत. त्यांच्या आठवड्यात माणसांचा आवाज तेवढाच होता.

आणि त्या सकाळी मासा लागला. खरा! हाताच्या कोपरापर्यंत येईल एवढा महासीर. सोन्याच्या नाण्यांसारखे खवले. गुणाकररावांनी तो दोन्ही हातांत धरला, बघितलं का कोणी म्हणून इकडे तिकडे पाहिलं. काठावर कुत्रंही नव्हतं. मग त्यांनी त्याला पाण्यात सोडला आणि उगाच “जा बाबा” म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी तो मासा सांगितला. आयुष्यात इतकं छान ते कधी बोलले नव्हते. साड्यांचे दुकानदार महागूजी पुढे सरकले. प्रेमलालजींचा चहा खरोखर निवला. आणि मग त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “साक्षीले कोन होतं?”

ओसरीसमोरून तांदळाच्या पोत्यांचा ट्रक चालला होता. त्याच्या मागच्या फळीवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत मालकाचं नाव होतं. मंडळी पाठमोरी बसली होती. गुणाकरराव एकटेच रस्त्याकडे तोंड करून होते.

“बाबूलाल,” ते म्हणाले. “लांजीकडचा.”

मासा मंजूर झाला. खरा मासा खोट्या माणसाच्या खांद्यावर बसून क्लबात आला. तिथंच थांबलं असतं, तर ही गोष्ट झाली नसती.

पण महागूजींनी विचारलं, कसा माणूस आहे? गुणाकररावांनी सांगितलं, साधा आहे. धानाची शेती आहे, एक गुडघा दुखतो. मग ते म्हणाले, “आल्या आल्या विचारते, जेवले का भाऊ?” हे ऐकून ओसरी एकदम खूष झाली. त्या दिवशी गुणाकररावांची खुर्ची कोपऱ्यातून मधोमध आली.

पुढच्या रविवारी मासा कोणी विचारलाच नाही. “बाबूलाल काय म्हनते?” हाच पहिला प्रश्न. मग गुणाकररावांना बाबूलालची खबर आणावी लागे. बाबूलालची म्हैस व्याली. बाबूलालला रजतच्या माशा भडक वाटतात. रजतनं रागावून नवी माशी बांधली आणि ती बाबूलालसाठी पाठवली. महागूजींच्या पत्नी जिजाबाईंनी त्याच्यासाठी लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली. रिकामी बरणी परत पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून गुणाकररावांनी बाबूलालच्या वतीनं तिच्यात गूळ भरून दिला. जिजाबाई म्हणाल्या, माणूस खानदानी दिसतो!

आता हसू नका, पण गुणाकरराव नदीवर थर्मासात चहा दोघांचा नेऊ लागले. दुसरा कप काठावर ओतून ठेवायचे. निवला की स्वतःच प्यायचे. एकदा टोपीत गळ अडकला तेव्हा ते मोठ्यानं म्हणाले, “पाहून राह्यला काय, काढ ना!” आणि मग बराच वेळ कोणी ऐकलं तर नाही ना, म्हणून घाबरून उभे राहिले. ऐकायला कोणी नव्हतंच, हे लक्षात आल्यावर जास्त वाईट वाटलं.

क्लबाच्या वार्षिक जेवणाचा विषय निघाला आणि महागूजींनी ठराव मांडला, यंदा उत्तम साक्षीदार म्हणून बाबूलालचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. टाळ्या पडल्या. गुणाकररावांनी टाळ्या वाजवता वाजवता मनात हिशेब मांडला. बाबूलाल खोटा निघाला तर मासा खोटा, मासा खोटा तर खुर्ची परत कोपऱ्यात. कोपरा तरी राहील की नाही, कोण जाणे.

त्यांनी घाईघाईनं सांगितलं, बाबूलालचा गुडघा वाढलाय, येणं जमणार नाही. मंडळी म्हणाली, मग आपण जाऊ! रजतनं तिथल्या तिथे मित्राची जीप ठरवली. जिजाबाईंनी पुऱ्यांची कणीक किती लागेल ते विचारलं. गुणाकरराव म्हणाले, त्याला तापही आहे. तेव्हा तर महागूजी हळहळले, आजारी माणसाला भेटायला जायचं नाही तर कधी जायचं? गोंदियाला डॉक्टर त्यांच्या ओळखीचा होता. त्याला बाबूलालला दाखवायचं पक्कं झालं.

जायच्या दिवशी जीप गुणाकररावांच्या दारात उभी राहिली. पुढे पुऱ्या, मागे नारळ, मधे शाल. वाट दाखवायला गुणाकरराव! वाट कुठली दाखवणार? लांजीला ते आयुष्यात दोनदा गेले होते, दोन्ही वेळा लग्नाला. ते पायरीवर उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “बाबूलाल वारला. सकाळीच फोन आला.”

जीपचं इंजिन बंद झालं. महागूजींनी टोपी काढली. लांजीला जायचं का, असं रजतनं हळूच विचारलं, तर गुणाकररावांनी माती उरकल्याचं सांगून टाकलं. बुडत्याचा पाय खोलात, दुसरं काय!

मंडळी त्यांच्याच घरात शिरली. अलकनंदाबाईंनंतर त्या बैठकीत एवढी माणसं पहिल्यांदाच बसली होती. शाल एका रिकाम्या खुर्चीवर घातली, समोर नारळ ठेवला. आणि मग मासे सांगणाऱ्या माणसांना राहवेना. महागूजी डोळे पुसत म्हणाले, बाबूलाल मागे दुकानात येऊन गेला होता, बायकोसाठी लुगडं घेतलं, भाव केला नाही. रजत म्हणाला, “मुझे तो बाबूलालजी पुल पर मिले थे. एकदम सीधे आदमी.” त्यांनी हात धरून काठी फिरवायला शिकवली, हेही त्यानं सांगितलं. प्रेमलालजींनी खाकरून सांगितलं, की किरनापूरच्या बाजारात बाबूलाल आणि दादाजी दोघांना त्यांनी एकत्र चहा पाजला होता.

गुणाकरराव थक्क होऊन ऐकत राहिले. बाबूलाल सगळ्यांना भेटला होता. पुलावर, दुकानात, बाजारात. आपल्यालाच तेवढा भेटला नाही, ह्या विचारानं त्यांना खरोखर रडू फुटलं. अलकनंदा गेली तेव्हा ते असे रडले नव्हते. तेव्हा लोक येत होते, जात होते, दाखले काढायचे होते. आता ते पंच्याएवढा रुमाल तोंडावर धरून रडले आणि महागूजी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तो हात खरा होता. पुऱ्या सगळ्यांनी मिळून तिथंच खाल्ल्या, अन्न वाया घालवू नये म्हणून.

उन्हं उतरली तशी मंडळी गेली. प्रेमलालजी मात्र मागे राहिले. त्यांना घरी जायची घाई कधीच नसे. जंगलखात्याच्या बदल्यांमध्ये त्यांचं लग्नच राहून गेलं होतं. ते मोरीपाशी उभे राहून कप विसळू लागले आणि गुणाकरराव पुसू लागले. काहीतरी बोलायचं म्हणून गुणाकररावांनी विचारलं, “तुमचे दादाजी बरे हायेत ना?”

प्रेमलालजींनी एकच कप पुन्हा पुन्हा विसळला.

“बाबूलाल नव्हता, हे मले पहिल्याच दिवशी समजलं होतं,” ते म्हणाले. “खरा माणूस कुठं विचारते, जेवले का म्हनून?”

गुणाकररावांच्या हातातलं फडकं थांबलं. मासा मात्र खरा होता, असं ते पुटपुटले.

“असन,” प्रेमलालजी म्हणाले. “माहे बी दोन-तीन खरे होते.” मग खालच्या आवाजात पुढे बोलले, “दादाजीलेही आता शाल देतो म्हनतीन हे लोक. मी सोचून राह्यलो, त्याचाही निकाल लावून टाकाव.”

गुणाकररावांनी बैठकीकडे बघितलं. खुर्चीवरची शाल एका बाजूला घसरली होती.

“मारू नका त्याले,” ते म्हणाले. “मंग घर बहुत सुनं वाटते.”