हलक्या आवाजातली हाळी

गाव किती सुधारलं, हे तिथला बँड किती हलक्या आवाजात वाजतो यावरून ठरतं. (पाणी, रस्ते नंतर बघू.) ब्राझीलच्या डोंगरातलं आमचं पेद्रा मान्सा त्या हिशेबाने रानटीच. बँड सुरू झाला की कोंबड्या अंड्यांवरून उठायच्या.

म्हणून बँड मंडळाच्या अध्यक्षीण डोना झुल्मिरांनी बँडमास्तर जेनिव्हालला फर्मावलं, "संत जॉनच्या जत्रेला शास्त्रीय वाजवायचं. जमलं नाही, तर छडी माझ्या भाच्याकडे!"

जेनिव्हालचा जीव त्या छडीत. घरी त्याचं मांजरही ऐकत नसे; चौकात अख्खा बँड ऐकायचा.

रचना रिओच्या एका थोर माणसाची. मूळ चाल मात्र आमच्याच गुराख्यांची हाळी, दोन डोंगरांपलीकडची गाय परतावी म्हणून मारायची. थोर माणसाने ती व्हायोलिनच्या ताफ्यावर अशी उतरवली, की शेजारच्या खुर्चीवरच्या गाईलाही कळू नये. (याला संस्कार म्हणतात.)

जेनिव्हालने ती बँडसाठी मांडली. व्हायोलिनचं क्लॅरिनेटला दिलं, चेलोचं ट्रॉम्बोनला. शेवटची विरत जाणारी ओळ ट्युबा नावाच्या अजस्र भोंग्याला, कारण ट्युबावाला बेलार्मिनो रुसला होता. (मांडणीचं शास्त्र बहुतेक हेच.)

"बेलार्मिनो, इथं हलकं फुंक बाबा."

"हलकं? मी काय आजारी आहे?"

"अरे, कागदावर तसं लिहिलंय."

"लिहिणाऱ्याने ट्युबा उचललाय का कधी? बाप मेला तेव्हासुद्धा मी हलकं नाही वाजवलं, मास्तर!"

बाकीच्यांनीही हेच सांगितलं. मग जेनिव्हालने मांडणीत बारीकशी सुधारणा केली: वाजवा जोरातच, पण वाजवत वाजवत लांब जा. मिरवणुकीत जन्म गेलेली माणसं, लगेच कबूल झाली.

जत्रेत बँड चौकातून निघाला, चर्चमागे वळला, पूल ओलांडून गेला. आवाज विरला, अगदी कागदाबरहुकूम. पलीकडच्या गावाचं आमच्याशी हाडवैर. त्यांनी सूड म्हणून मंडळींना मक्याची खीर वाढली, उसाची दारू पाजली आणि कायमचं ठेवून घेतलं.

इकडे जेनिव्हाल एकटाच हात हलवत राहिला. थांबला असता तर छडी गेली असती.

डोना झुल्मिरांनी डोळे पुसले. शेजारच्या पाववाल्याला हळूच विचारलं, "ऐकू येतंय ना हो तुम्हाला?"

"म्हणजे काय बाई! स्वच्छ."

सगळा चौक डोळे मिटून डोलत होता.

छडी जेनिव्हालकडेच राहिली, बँड पलीकडे. आता दर रविवारी तो एकटाच कार्यक्रम करतो. गर्दी वाढतेय. काही ऐकू आलं नाही, असं आजवर कोणी म्हणालेलं नाही.

तुम्ही म्हणाला असता? मागच्या मैफिलीत शेजाऱ्याचा हात स्वतःच्या मांडीवर पडला, तेव्हा कुठे तुमची सम आली. बघितलंय आम्ही.