नावावरची गाडी

एका जंगलात, बालमित्रांनो, अण्णा नावाचे एक अस्वल राहत होते आणि त्यांच्याकडे एक मोटार होती. जंगलात मोटार कुठून आली, असे मधेच विचारू नका. तुमच्याकडे रस्ता व्हायच्या आधी टोलनाका येतो, तेव्हा तुम्ही विचारता का?

अण्णा मध सोसायटीच्या कोठारावर नोकरीला होते. तीस वर्षे त्यांनी मधाच्या घागरी भरल्या, झाकल्या आणि रवाना केल्या. एवढ्या वर्षांत एकदाही बोट चाटले नाही. अस्वल असून! निवृत्त झाले तेव्हा त्यांना एक शाल, एक नारळ आणि अध्यक्षांचे दीड तासाचे भाषण मिळाले. बाकी कमाई म्हणाल तर एकच. अण्णांच्या नावाला डाग नव्हता. ही गोष्ट अण्णा स्वतःच सगळ्यांना सांगत, कारण दुसरे कोणी सांगत नसे.

पुढे अण्णांना कमी दिसू लागले. दोनदा त्यांनी गाडी थेट वारुळात घातली. दुसऱ्यांदा तर उतरून, वारूळ खाऊन मगच घरी आले. तेव्हा त्यांच्या पत्नी माई म्हणाल्या, "ही गाडी आता विकून टाका बघू. कुणाला धडकलात म्हणजे?"

"विकू," अण्णा म्हणाले. "पण नीट विकू. भाव पुरता आला पाहिजे आणि मागे लचांड राहता कामा नये. आपल्याकडे नावाशिवाय आहे काय?"

अण्णा कोल्ह्याकडे गेले. कोल्ह्याचा जुन्या गाड्यांचा धंदा होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि टायरला लाथ घातली. टायरला लाथ का घालतात, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याचे वडीलही घालायचे.

"जाहिरातीत लिहू," कोल्हा म्हणाला, "‘डॉक्टरांनी वापरलेली, सिंगल हँड गाडी’."

"मी डॉक्टर नाही."

"ते गाडीला थोडंच माहीत आहे?"

अण्णांना रागच आला. त्यांनी घरी येऊन जाहिरात स्वतः लिहिली आणि पाणवठ्याजवळच्या वडाला चिकटवली. ‘गाडी विकणे आहे. इंजिन बरे. चढावर धापा टाकते. डावीकडची काच खाली जाते, वर आणताना हाताने ओढावी लागते. मागच्या सीटला ओल्या अस्वलाचा वास येतो.’

जाहिरात वाचून एक हरीण आले. त्याने गाडी पाहिली. मग कान टवकारून म्हणाले, "एवढं उघड सांगताय, म्हणजे लपवलंय तरी किती!" आणि ते जे उधळले ते दिसेनासेच झाले.

मग एक गवा आला. त्याला गाडी चालवून बघायची होती. अण्णा म्हणाले, "आधी लायसन दाखवा. मी शेजारी बसणार. पाणवठ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं."

"माझ्यावर विश्वास नाही का?"

"नाही," अण्णा म्हणाले.

गवा फुरफुरत निघून गेला. अण्णांना त्या ‘नाही’चा फार अभिमान वाटला. रात्री जेवताना त्यांनी तो माईंना दोनदा म्हणून दाखवला.

अण्णांनी एक यादीही केली होती. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवावी. गाडी कधी ताब्यात दिली ते तारीख-वेळेसह लिहून घ्यावे. परिवहन कचेरीत दोघांनी मिळून जावे आणि गाडी त्याच्या नावावर झाली की मगच किल्ल्या द्याव्यात. यादी अगदी बरोबर होती. मुलांनो, ती उतरवून घ्या. वेळ आली की तुम्ही ती वापरणार नाही, पण उतरवून घ्या.

आणि एका रविवारी प्रमोद तरस आला.

प्रमोद माईंच्या माहेरच्या टेकडीवरचा. अस्वलाच्या माहेरी तरस कसा, अशी शंका नको. माहेरच्या टेकडीवरचा दगडसुद्धा माहेरचाच असतो. प्रमोद आला तो पेढे घेऊन. आल्या आल्या वाकून नमस्कार केला.

"ताई, किती वाळलात हो! दाजी, गाडी आपल्याला पसंत आहे."

"बघितली नाहीस अजून," अण्णा म्हणाले.

"तुमची गाडी काय बघायची? तुम्ही म्हणाल तो भाव. दाजींशी घासाघीस करू होय?"

अण्णांनी सांगितलेली किंमत त्याने तिथल्या तिथे पुढे ठेवली. एक पैसा कमी नाही. अण्णा हरखले. तरी त्यांचा पंजा खिशातल्या यादीकडे गेला.

"ते नावावर करायचं तेवढं…"

"करू की! नाव बदलायच्या अर्जावर, त्या टीटी फॉर्मवर, तुम्ही फक्त सह्या करून द्या. बाकीचं मोकळं सोडा, मी भरतो. बुधवारी कचेरीत जाऊन येतो. तुम्ही कशाला उन्हातान्हात हेलपाटे घालता?"

अण्णा घुटमळले. "बरं, गाडी ताब्यात मिळाली एवढं एका कागदावर लिहून…"

तेवढ्यात आतून पोह्यांचा झारा जोरात वाजला. अण्णा आत गेले.

माई दबक्या आवाजात म्हणाल्या, "लिहून काय मागताय? माझ्या माहेरचा आहे तो! टेकडीवर कळलं तर काय म्हणतील? बरं दिसतं का ते?"

बालमित्रांनो, आपल्या जंगलात वाघाला न भिणारे पुष्कळ आहेत. ‘बरं दिसतं का ते?’ याला न भिणारा अजून जन्माला यायचा आहे. गव्याला ‘नाही’ म्हणणारे अण्णा बाहेर आले आणि मोकळ्या फॉर्मवर तीन ठिकाणी सह्या करून बसले. प्रमोदने दोन वेळा पोहे खाल्ले, दोन्ही किल्ल्या घेतल्या आणि तो गेला.

बुधवार आला. बुधवार गेला. असे बरेच बुधवार गेले.

मग पहिली पावती आली. पाणवठ्यावर उलट्या बाजूने गाडी हाणल्याबद्दल दंड. खाली नाव, अण्णा अस्वल. दुसरी पावती राखीव कुरणातून गाडी नेल्याबद्दल. तिसरी काळ्या काचांबद्दल. अण्णांना वाटले, चला, निदान डावीकडची काच दुरुस्त झाली. पण चौथ्या वेळी पावती आलीच नाही, दोन चित्ते शिपाई आले. गाडीने सिंहमहाराजांच्या मिरवणुकीत घुसून प्रधानांच्या पालखीला ठोकर दिली होती आणि न थांबता निघून गेली होती.

"मी तर घरीच होतो," अण्णा म्हणाले.

"गाडी कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्याच." शिपायांनी नाव लिहून घेतले आणि ते गेले.

अण्णांनी प्रमोदला फोन लावला. तो म्हणाला, "दाजी, काय सांगू! जावं तेव्हा कचेरीचा सर्व्हर डाऊन. तुम्ही टेन्शन घेऊ नका. ताईंना नमस्कार सांगा." त्यानंतर त्याचा फोन लागेनासा झाला.

अण्णा ओसरीवर बसून रडले. खरेच रडले. "तीस वर्षं, माई! एक बोट चाटलं नाही मी. आणि आता सगळं जंगल म्हणत असेल, अण्णा पालखी तुडवून पळाले."

माई उठून आत गेल्या. माहेरच त्यांचे होते.

दुसऱ्या दिवशी अण्णा सगळ्या पावत्या पिशवीत घालून निघाले. वाटेत भेटेल त्याला सांगायचे, तो मी नव्हे. मग कचेरीत जाऊन नावाचा निकाल लावायचा. मान खाली घालून ते बाजारात शिरले.

बाजार गप्प झाला.

भाजीवाला ससा रोज अण्णांना वजनात मारायचा. आज त्याने न विचारता चार गाजरे जास्त घातली. "राहू द्या अण्णा, लक्ष असू द्या." रस्त्याच्या मधोमध रवंथ करणारा गवा उठून बाजूला झाला. वाट मोकळी झाली. या रस्त्याने अण्णा आयुष्यभर कडेकडेने चालले होते. मधून चालता येते, हे त्यांना माहीत नव्हते.

परिवहन कचेरीत मुंगूस कारकून होता. लायसन नवे करायला आले होते तेव्हा याच मुंगसाने अण्णांना तीन दिवस तीन रांगांत उभे केले होते. आता तो खुर्ची सरकवत उठला.

"या, या! बसा अण्णा. पालखीवाले अण्णा तुम्हीच ना? आधी नाही का सांगायचं!"

"तो मी नव्हे. गाडी मी प्रमोद तरसाला विकली," अण्णा म्हणाले.

मुंगूस डोळे मिचकावून हसला. "असंच म्हणायचं असतं, साहेब."

साहेब! अण्णांनी इकडे तिकडे पाहिले. साहेब तेच होते. मागे रांगेत कोल्हा उभा होता. तो पुढे आला आणि कानाशी लागला, "अण्णा, यंदा पंचायतीला उभे राहा. माणसं आहेत आमच्याकडे, पण नाव असलेला माणूस नाही. तुमचं नाव आता दोन डोंगरांपलीकडे गेलंय."

मुंगसाने तत्परतेने एक कागद पुढे केला. "तुमचं काम माहीत आहे मला. गाडी त्या तरसाला कधी विकली ती तारीख टाका, इथं सही करा. गाडी आजच्या आज त्याच्या नावावर. पालखी, पावत्या, सगळं त्याच्याच डोक्यावर. तुमचं नाव पहिल्यासारखं स्वच्छ!"

अण्णांनी पेन घेतले. कागदाकडे पाहिले. मग दाराबाहेर पाहिले. बाहेरच्या रांगेतले हरीण त्यांच्याशी नजरानजर होताच अदबीने वाकले.

"सही, साहेब?" मुंगसाने विचारले.

अण्णांनी पेन खाली ठेवले आणि खुर्चीत मागे रेलले.

"आधी चहा सांगा," ते म्हणाले.

घरी माई दारातच उभ्या होत्या. "झालं का? सुटलं का नाव?"

"नाही. राहू दे तसंच," अण्णा म्हणाले. "मी पंचायतीला उभा राहतोय."

माई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "आणि ती तीस वर्षं?"

"त्याची कुणी पावती दिली का कधी?" अण्णा म्हणाले आणि हातपाय धुवायला आत गेले.

तात्पर्य : जुनी गाडी विकताना किंमत पुरती घ्यावी, किल्ल्या दोन्ही द्याव्यात, पण नाव मात्र बदलून देऊ नये. स्वतः गाडी चालवून आजवर कोणाचे नाव झालेले नाही.