मालोजीराव मुठीवाले

मालोजीरावांच्या घरी पाहुण्याला पाण्याआधी नाचणीचा गरम मुद्दा मिळे. खायला नव्हे, दाबायला. सारं म्हैसूर हा गोळा सारात बुडवून गिळतं, मालोजीराव तो तुमच्या हातात कोंबून म्हणत, "स्वल्प दाबा हो. लाजू नका." मग बोटांचे ठसे उमटलेला तो गोळा भिंतीवर उन्हात वाळे आणि त्या मापानं ब्रशाची शिसवी मूठ कोरली जाई. मंडी मोहल्ल्यातल्या यच्चयावत मुठी त्या भिंतीवर होत्या. माझी त्यांच्या म्हशीनं खाल्ली, म्हणून मला पुन्हा दाबावं लागलं.

पूर्वज म्हैसूरच्या घोडदळातले. "त्यांनी तलवारीची मूठ जाणली, आम्ही ब्रशाची," असं ते छाती काढून सांगत. "केस कुणीही लावील. मूठ बघा, मूठ!"

दाढीच्या ब्रशाला त्यांनी हत्तीच्या सोंडेसारखी मूठ केली. मी फेस लावायला गेलो गालाला, तो लागला मानेला. चुन्याच्या कुंचल्याला तीन कोपरांची दांडी काढली. हेतू असा, की झोपाळ्यावर बसून छत रंगवावं. छत राहिलं तसंच. शेजारच्या अंगणात उभे असलेले अमलदारसाहेब मात्र पगडीपासून जोड्यापर्यंत पांढरे झाले, आणि थेट बोगादीपर्यंत लोक त्यांना भूत समजून वाट देत गेले.

यावर सगळ्यांत मोठ्यानं हसत लक्ष्मीवहिनी, मालोजीरावांच्या पत्नी. पण दाराआडून. मागे तापात त्यांचा उजवा हात आखडला, बोटं मिटली ती मिटलीच. कुंकवाआधी मेणाचं बोट लावायचं, ते त्यांना स्वतःच्या उजव्या हातानंच हवं. डावा चालायचा नाही. दुसऱ्याचं बोट, अगदी नवऱ्याचंही, कपाळाजवळ नको. आणि मोकळ्या कपाळानं उंबरा ओलांडायचा नाही. गोळ्यांचा नाद सुरू झाला तो त्याच सुमारास. दसऱ्याला म्हैसूरच्या रीतीनं घरात मांडलेल्या बाहुल्या बघायला माझी बायको बोलावी, तेव्हा वहिनी आतूनच म्हणत, "पुढच्या वर्षी." हात कायम पदराखाली.

एकदा नवरात्राच्या तोंडावर मी गेलो. गोळा आला, मी दाबला. माझी मूठ दिवसेंदिवस बिघडत चालली आहे, असं मालोजीरावांनी जाहीर केलं. वहिनी दाराआड हसल्या. त्यांच्याकडे न बघताच मालोजीरावांनी दुसरा गोळा दाराकडे धरला.

"सगळ्यांची झाली. घरचीच तेवढी राहिली."

वहिनींनी भिंतीवरच्या मुठी पाहिल्या. वाकड्या, फुगीर, थोट्या. एकही धड नव्हती. मग पदराखालून हात बाहेर आला. मी म्हशीकडे बघू लागलो.

"गरम आहे हो."

"थांब, फुंकर घालतो."

मिटलेल्या बोटांत तो गोळा बसवायला त्यांना फार वेळ लागला. म्हशीच्या अंगावरचे सगळे केस माझे मोजून झाले.

त्या नवरात्रात वहिनी आमच्या बाहुल्या बघायला आल्या. कुंकू भुवईकडे कलंडलेलं. उजव्या मुठीत कुंकू लावायची शिसवी काडी, तिची मूठ अशी वेडीवाकडी, की जगात दुसऱ्या कुणाला धरता आली नसती. माझ्या बायकोनं कुंकवाचा करंडा पुढे केला आणि वहिनींनी तिलाही त्याच काडीनं कुंकू लावलं. कलंडलेलंच.

दुसऱ्या दिवशी मी मालोजीरावांकडे गेलो आणि सवयीनं हात पुढे केला. त्यांनी झोपाळ्यावर सरकून जागा करून दिली.

"बसा," ते म्हणाले. "आज मुद्दा खायला केलाय."