मागे न घेतलेली दुआ

"दुआ मागे घ्या," हाजी लझर म्हणाले.

"काय घेऊ?"

"मागे. दुआ. आत्ताच्या आत्ता."

लल्ला मबरूका खजुराच्या झाडाखाली चटईवर बसल्या होत्या. सत्तर वर्षांत त्यांना कोणी असं बोललं नव्हतं. ऐन द्राहमहून, म्हणजे देशाच्या पार वरच्या डोंगरी टोकावरून, चार गाड्या बदलून त्या वाळवंटाकाठच्या तोजरला आल्या होत्या. मुलगा मुंतसर इथल्या शाळेत भूगोल शिकवत होता. त्याच्यासाठी हाजींच्या मुलीचा, नजलाचा हात मागायचा होता. येताना सूनबाईला थंडी वाजू नये म्हणून त्यांनी लोकरीच्या पाच जाड घोंगड्या आणल्या होत्या. ऑक्टोबर असूनही तोजरमध्ये त्या दिवशी छत्तीस अंश होतं.

झालं होतं ते असं. हाजींच्या बागेत शिरताना त्यांनी कुंपणापलीकडची भेगाळलेली पांढरी जमीन पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे देवा, कसे जगतात हे लोक!" असं म्हणून त्यांनी दोन्ही हात वर केले. "या अल्लाह, या बिचाऱ्यांच्या बागेवर पाऊस पाड. धो धो पाड. तीन दिवस पाड!"

वडीलधाऱ्या बाईने हात वर केले की आमीन म्हणायचं, हे आमच्याकडे शिंकेइतकं आपोआप होतं. सगळे म्हणाले. हाजी यजमान, त्यामुळे सगळ्यांत मोठ्यांदा म्हणाले. अर्थ त्यांच्या डोक्यात अर्ध्या सेकंदाने पोचला.

ऑक्टोबरात खजूर घडाघडांनी पिकून लटकत असतो. त्यावर पाऊस पडला की तो आंबतो, आणि वर्षभराची मेहनत मेंढ्यांच्या तोंडात जाते. म्हणून या महिन्यात तोजरमध्ये 'ढग' हा शब्दही लोक हळू आवाजात उच्चारतात. एरवी घडांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात. पण विहीणबाईंना वैभव दिसावं म्हणून हाजींनी त्या कालच काढून ठेवल्या होत्या.

"आमच्याकडे पावसाची दुआ दिली की लोक हाताचं चुंबन घेतात," मबरूका उसळून म्हणाल्या. "आणि हा माणूस मला म्हणतो मागे घ्या! मी काय बाजारातून आणलेली कोथिंबीर आहे?"

"दुआ, आई. कोथिंबीर दुआ असेल, तू नाहीस," मुंतसर म्हणाला.

"तू गप्प बस!" दोघंही एकदम म्हणाले. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

पण मुंतसर भूगोलाचा शिक्षक. गप्प बसण्याचं शिक्षण त्याला मिळालेलं नव्हतं. "हे बघा, दोघांचंही बरोबर आहे. ऐन द्राहमला वर्षाला दीड हजार मिलिमीटर पाऊस, तोजरला जेमतेम शंभर. तिथं डोंगर, बर्फ, उतरती कौलं. इथं मिठाचं मैदान, सपाट छपरं. त्यामुळे तिथं जो आशीर्वाद तो इथं..."

"काय इथं?" मबरूका उठून उभ्या राहिल्या. "शाप? तुझी आई शाप देते?"

"आमची जमीन खारी?" हाजींचाही आवाज चढला. "ह्या जमिनीचा खजूर खाऊन बघ आणि मग बोल, मास्तर!"

नजला पुदिन्याच्या गोड चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "मुंतसर," ती शांतपणे म्हणाली, "तू आणखी एक आकडा सांगितलास ना, तर मी माझ्या आतेभावाशी लग्न करीन."

तेवढ्यात झाडाच्या शेंड्यावरून अम्मार ओरडला. अम्मार हा घड उतरवणारा माणूस, तालुक्यात सगळ्यांत उंच चढणारा. "हाजी! अल्जीरियाच्या बाजूने ढग!"

हाजी झाडाच्या बुंध्याशी धावले.

"केवढा?"

"काळा!"

"केवढा विचारलं, रंग नाही!"

"दोन बागांएवढा! आणि इकडेच येतोय, जणू पत्ता विचारून निघालाय!"

मग जी धावपळ झाली तिला तोड नाही. पिशव्या घरी, घर दोन मैल दूर. हाजींनी घड झाकायला टेबलावरचा कपडा वर फेकला. नजलाने ओढणी दिली. शेजारच्या बागांतून माणसं चादरी घेऊन धावली आणि धावता धावता "कोण ती डोंगरातली बाई?" असं विचारत होती. शेवटी अम्मारने पाचही घोंगड्या खांद्यावर टाकल्या आणि छत्तीस अंशांत लोकरीसह झाडावर चढला. तो वरून जे बोलत होता ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"सूनबाईच्या घोंगड्या झाडांना!" मबरूका कडाडल्या. "मी वर्षभर विणल्या!"

"तुमचाच ढग आहे, तुमच्याच घोंगड्या!" हाजी खालून गरजले.

ढग आला. बागेवर थांबला. सगळ्यांनी माना वर केल्या. आणि मग, काही विसरल्यासारखा, तो गफ्सा शहराच्या दिशेने निघून गेला. एक थेंब नाही.

लोकांनी जल्लोष केला. हाजींनी खाली उतरलेल्या अम्मारला मिठी मारली. तो अजून एका घोंगडीत होता.

मबरूका मात्र चटईवर मटकन बसल्या. चेहरा पांढराफटक. "चाळीस वर्षं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं माझी दुआ कधी रिकामी गेली नाही. अख्खं गाव मला बोलावतं. आणि इथं... चल मुंतसर. ज्या अंगणात माझी दुआ लागत नाही तिथं मी फातिहा म्हणणार नाही."

फातिहा नाही म्हणजे लग्नाचं ठरणं नाही. नजलाने ट्रे खाली ठेवला आणि वडिलांकडे पाहिलं. हाजी त्या नजरेला ढगापेक्षा जास्त घाबरत.

"रिकामी कुठं?" हाजी घाईघाईने म्हणाले. "पडला ना पाऊस! त्या कोपऱ्यातल्या झाडावर. मी स्वतः पाहिला."

"मी नाही पाहिला," अम्मार घोंगडीतून म्हणाला.

"तुला घोंगडीतून काय दिसणार, गाढवा!"

"दाखवा," मबरूका म्हणाल्या. "एक ओला खजूर दाखवा."

हाजी कोपऱ्यातल्या ठेंगण्या झाडामागे गेले. तिथं बागेतला सगळ्यांत सुंदर घड होता, पाहुण्यांसाठी राखलेला. पाणी हवं होतं, पण पाटाच्या पाण्याची त्यांची पाळी मंगळवारी, आणि तो शनिवार. जाताना हाताला लागली ती चहाची किटली. ज्या माणसाने एक थेंब पडू नये म्हणून तासभर आकाशाशी भांडण केलं होतं, त्याने डोळे मिटून अख्खी किटली स्वतःच्या हाताने त्या घडावर ओतली.

ठिबकणारा घड घेऊन ते परत आले. मबरूकांनी एक खजूर तोडला, उलटसुलट पाहिला, तोंडात टाकला. बराच वेळ चावला.

"पावसाला पुदिन्याचा वास येतो," त्या म्हणाल्या.

मुंतसर खाकरला. "आई, प्रदेश बदलला की हवामान बदलतं."

नजलाने पहिल्यांदाच त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं.

मबरूकांनी हाजींच्या भिजलेल्या बाहीकडे पाहिलं, मग त्या नासलेल्या घडाकडे. फातिहासाठी हळूच ओंजळ पुढे धरली.

"चांगला प्रदेश आहे," त्या म्हणाल्या. "साखर तेवढी जरा जास्त पडते."